अल्फा ०.९३ आला, मग वैधता कशी दाखवायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एम.फिल.च्या प्रबंधासाठी तुम्ही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्या नातेवाइकांवरचा भार मोजणारी मराठी प्रश्नावली तयार केली आहे. ३८ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण. ओपीडीत आलेल्या ६० नातेवाइकांकडून ती भरून घेतलीत आणि क्रॉनबॅक अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा आकडा) ०.९३ आला. गाइड म्हणाले, ‘विश्वसनीयता झाली, आता वैधता दाखवा.’ विश्वसनीयता म्हणजे मापन किती भरवशाचं, वैधता म्हणजे त्या गुणांचा आपण लावलेला अर्थ किती बरोबर. त्यासाठी कोणती चाचणी लावायची आणि ६० जण पुरतील का, हे तुम्हाला हवं आहे.

सरळ उत्तर आधी देते. वैधतेसाठी लावून मोकळं व्हावं अशी एक चाचणी नाही. ६० जण काही कामांना पुरतात, काहींना मुळीच नाही. आणि ०.९३ आला म्हणून विश्वसनीयतेचा विषयही संपलेला नाही. पण या तिन्हींच्या आधीचा एक मुद्दा तुमच्या प्रश्नात आलेलाच नाही: या गुणांवरून तुम्ही शेवटी काय म्हणणार आहात?

हे वाक्य आजच वहीत लिहा. ‘काळजी घेणाऱ्या स्त्रियांवर पुरुषांपेक्षा जास्त भार असतो’ हे एक वाक्य झालं. ‘कुटुंब समुपदेशनाच्या सहा सत्रांनंतर भार कमी झाला’ हे दुसरं. ‘या नातेवाइकाला मदतीची गरज आहे, त्यांना सोशल वर्करकडे पाठवा’ हे तिसरं. पहिल्यासाठी तुमचे प्रश्न बाई आणि पुरुष एकाच अर्थाने घेतात हे दाखवावं लागेल. दुसऱ्यासाठी काहीच बदललं नसताना गुण जागचे हलत नाहीत आणि बदल झाला की हलतात, हे दाखवावं लागेल. तिसऱ्यासाठी सीमारेषा लागेल आणि ती कशाच्या आधारावर आखली ते सांगावं लागेल. प्रश्नावली एकच, पण पुरावे तीन वेगळे. ज्यांच्या नावाचा अल्फा आपण १९५१ पासून वापरतो त्या ली क्रॉनबॅक यांनीच १९५५ मध्ये पॉल मील यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात संकल्पनात्मक वैधतेचा पाया घातला. एखादी संकल्पना इतर कोणत्या गोष्टींशी कशी जोडलेली असायला हवी ते आधी मांडायचं आणि मग गुण तसे वागतात का ते पाहायचं, हा त्यातला गाभा. अमेरिकेतल्या तीन संस्थांची चाचण्यांविषयीची संयुक्त मानकं आहेत. त्यांच्या २०१४ च्या आवृत्तीतही भूमिका हीच आहे की वैधता चाचणीची नसते, विशिष्ट वापरासाठी गुणांचा जो अर्थ लावला जातो त्याची असते. म्हणून ‘माझी प्रश्नावली वैध आहे’ हे वाक्य अर्धवट राहतं. कशासाठी, कोणासाठी, हे त्यात यायला हवं.

आता तो ०.९३. अल्फा दोन गोष्टींनी वाढतो: प्रश्न एकमेकांशी किती जुळतात, आणि प्रश्न एकूण किती आहेत. दुसरी बाजू सहसा कुणी पाहत नाही. तुमच्याच आकड्यांवरून उलटा हिशेब केला तर प्रश्नाप्रश्नांतला सरासरी सहसंबंध (दोन प्रश्नांची उत्तरं किती बरोबरीने बदलतात त्याचं माप) साधारण ०.२६ निघतो. तेवढाच सहसंबंध असलेले दहाच प्रश्न असते तर अल्फा ०.७८ आला असता, वीस असते तर ०.८८. म्हणजे ०.९३ मधला बराचसा वाटा निव्वळ प्रश्नसंख्येचा आहे.

आणखी एक हिशेब करून पाहा, कारण व्हायवाला हाच मुद्दा निघतो. समजा तुमचे १९ प्रश्न पैशाच्या ओढाताणीबद्दल आहेत आणि उरलेले १९ लोक काय म्हणतील या धास्तीबद्दल. प्रत्येक गटातले प्रश्न आपापसात ०.५ ने जुळतात, पण दोन गटांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, शून्य. अशा ३८ प्रश्नांच्या ७०३ जोड्यांपैकी ३४२ जोड्या गटांतर्गत असतात, म्हणून एकूण सरासरी सहसंबंध ०.२४ च्या आसपास येतो. सूत्रात घाला: प्रश्नसंख्या गुणिले सरासरी सहसंबंध, भागिले एक अधिक, प्रश्नसंख्येतून एक वजा करून त्याला गुणिले तोच सहसंबंध. उत्तर ०.९२. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी एकत्र टाकल्या तरी अल्फा ०.९२! त्यामुळे अल्फा चांगला आला म्हणजे प्रश्नावली एकच गोष्ट मोजते, असं म्हणता येत नाही. उलट बाजूही तपासा. ‘मला थकवा येतो’, ‘मी थकून जाते’, ‘दिवस संपता संपता अंगात त्राण उरत नाही’ असे एकच गोष्ट तीनदा विचारणारे प्रश्न असतील तर ते अल्फा फुगवतात आणि माहिती काहीच वाढवत नाहीत.

मला सर्वांत जास्त काळजी मात्र आकड्यांच्या आधीच्या टप्प्याची वाटते. हे ३८ प्रश्न आले कुठून? बहुतेक प्रबंधांत ते इंग्रजी प्रश्नावल्या वाचून, दोन-चार तज्ज्ञांशी बोलून, टेबलाशी बसून लिहिलेले असतात. तुमचेही तसे असतील तर थोडं मागे जायला लागेल, आणि ते करण्यासारखं आहे. निव्वळ नवी प्रश्नावली हवी म्हणून ती बनवू नये, हेही इथेच सांगते. चेन्नईच्या स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेलं ४० प्रश्नांचं बर्डन असेसमेंट शेड्यूल भारतीय कुटुंबं समोर ठेवूनच तयार झालं आहे. झारिट यांची भार मोजणारी १९८० ची मुलाखत मुळात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या नातेवाइकांसाठी होती, तिची २२ प्रश्नांची आवृत्ती आज जगभर वापरतात. तुमचं वाक्य दोन गटांच्या तुलनेचं असेल तर यांपैकी एखाद्याची परवानगी काढून नीट मराठी रूपांतर करणं हे जास्त उपयोगी संशोधन ठरेल. नवी प्रश्नावली करायची असेल तर कारण पक्कं हवं. ‘माझ्या भागातल्या कुटुंबांत जो भार आहे त्यातला महत्त्वाचा भाग या दोन्हींत पुरेसा आलेला नाही’ हे कारण होऊ शकतं, पण त्यासाठी तिन्ही प्रश्नावल्या शेजारी शेजारी ठेवून प्रश्नवार तक्ता करा. रुग्णाला न सांगता दुधातून किंवा आमटीतून औषध द्यावं लागण्याचा ताण, घरात आजार आहे हे कळल्यावर धाकट्या बहिणीचं लग्न अडणं, भावाभावांत सांभाळण्याच्या पाळ्यांवरून होणारी धुसफूस, ‘आम्ही गेल्यावर याचं कोण बघणार’ ही आईवडिलांची चिंता. यांतलं काय कुठे आलं आहे आणि काय सुटलं आहे, ते त्या तक्त्यात दिसेल.

तक्ता करताना एक जुना भेद हाताशी ठेवा. होनिग आणि हॅमिल्टन यांनी १९६६ मध्ये वस्तुनिष्ठ आणि व्यक्तिनिष्ठ भार वेगळे काढले. रजा टाकाव्या लागल्या, कर्ज झालं, घरातल्या वस्तू फुटल्या, हा पहिला. त्याचं वाटणारं ओझं हा दुसरा. दोन्ही नेहमी बरोबर चालत नाहीत. गाय विकून उपचार करणारी आई ‘मला ओझं वाटत नाही, माझंच लेकरू आहे’ असं म्हणते तेव्हा ती खरंच बोलत असते. तुम्ही दोन्हींची एकच बेरीज केलीत तर तिचे गुण मध्यम येतील आणि त्या मध्यम आकड्याला काहीच अर्थ नसेल.

मग तज्ज्ञ. सहा ते दहा जण घ्या, पण सगळे मानसोपचारतज्ज्ञ नकोत. वॉर्डातली अनुभवी परिचारिका, मनोसामाजिक कार्यकर्ते आणि दोन-तीन प्रत्यक्ष नातेवाईक त्यात असू द्या. प्रत्येक प्रश्न कितपत समर्पक आहे हे चार पायऱ्यांवर विचारून आशय-वैधता निर्देशांक काढता येतो, सहा ते दहा तज्ज्ञ असतील तर प्रत्येक प्रश्नासाठी ०.७८ च्या वर अपेक्षा ठेवतात. हा निर्देशांक काढाच, पण तो फक्त असलेल्या प्रश्नांबद्दल बोलतो. ‘यात काय राहून गेलं?’ हा प्रश्न प्रत्येकाला वेगळा विचारा. उत्तर शब्दशः लिहून घ्या.

यानंतरचा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळा डोलारा त्याच्यावर उभा असतो: नातेवाइकांसमोर बसून, एकेक प्रश्न वाचून, ‘हे ऐकल्यावर तुमच्या मनात काय आलं? उत्तर कसं ठरवलंत?’ असं विचारणं. दहा-पंधरा जणांत बहुतेक दोष वर येतात. एक नमुना देते. ‘मला स्वतःसाठी वेळ मिळत नाही’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक प्रश्नावलीत असतो. शहरातली नोकरदार मुलगी त्याला पटकन ४ देते. गावाकडची पन्नाशीतली बाई म्हणते, ‘मला कशाला हवा वेगळा वेळ?’ आणि ० देते. तिच्यावर भार नाही असं थोडंच आहे? आपल्यासाठी वेळ मागायचा असतो हेच तिच्या हिशेबात नाही. तोच प्रश्न ‘गेल्या महिन्यात त्यांच्यामुळे माहेरी, लग्नकार्याला किंवा जत्रेला जाणं टाळावं लागलं का, किती वेळा?’ असा विचारला की तीच बाई बोटांवर मोजायला लागते. वर्तन विचारा, घडलेला प्रसंग विचारा. भावनेचे प्रश्न हवेत, पण तेही प्रसंगाला टेकवून.

नकारात्मक वाक्यं काढून टाका. ‘मला त्यांची लाज वाटत नाही’ याला कुणी ‘नाही’ म्हटलं की लाज वाटते की वाटत नाही? आपल्याकडे ‘हो, नाही वाटत’ असंही उत्तर येतं आणि ‘नाही, नाही वाटत’ असंही. प्रश्न वाचून दाखवणारा आपल्या मनाने खूण करतो आणि तुमच्या आकड्यांत निव्वळ गोंधळ शिरतो. उलट गुण द्यायचे प्रश्न ठेवावेत म्हणजे सगळ्याला ‘हो’ म्हणणारे ओळखता येतात, असं पुस्तकं सांगतात. ते खरं आहे, पण वाचून दाखवायच्या मराठी प्रश्नावलीत त्यातून फायद्यापेक्षा नुकसान जास्त होतं, असं माझं मत आहे.

कालावधीही रुजवावा लागतो. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ म्हटल्यावर अनेक जण आजारपणाच्या सगळ्या वर्षांचं सांगायला लागतात. मुलाखतीच्या सुरुवातीलाच ‘मागच्या एकादशीपासून आजपर्यंत’ किंवा ‘गेल्या दोन बाजारांपासून’ असा टेकू ठरवून घ्या आणि मधूनमधून त्याची आठवण द्या. पाच पर्यायांचंही तसंच. तुमच्या ६० जणांच्या उत्तरांचे वारंवारिता तक्ते आजच काढा. १ आणि ३ हे पर्याय जवळपास रिकामे असतील तर लोक मनातल्या मनात तीनच पायऱ्या वापरत आहेत. मग तीन किंवा चारच ठेवा.

आणि प्रश्न विचारताना शेजारी कोण बसलं होतं, याची नोंद केलीत का? सून सासूसमोर उत्तर देते, बायको रुग्णासमोर. ओपीडीच्या बाकावर भरून घेतलेल्या प्रश्नावलीत ही गोष्ट उत्तरं बदलते आणि ते कुठल्याही गुणांकात दिसत नाही. पुढच्या फेरीत वेगळी खोली मिळवा. ती मिळत नसेल तर किमान रुग्ण डॉक्टरांकडे आत असतानाची वेळ साधा.

आता नमुन्याबद्दल. ३८ प्रश्नांचं फॅक्टर अ‍ॅनालिसिस ६० जणांवर करू नका. एकमेकांशी जुळणाऱ्या प्रश्नांचे गट, म्हणजे घटक, शोधण्याची ही पद्धत आहे. सॉफ्टवेअर उत्तर देईल, पण दुसऱ्या ६० जणांवर ते वेगळंच येईल. इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही. ‘प्रश्नामागे दहा जण’ हा नियम ढोबळ आहे. प्रश्न स्पष्ट असतील आणि प्रत्येक घटकाला चार-पाच चांगले प्रश्न असतील तर कमी चालतात, विस्कळीत असतील तर ४०० ही कमी पडतात. तुमच्यासारख्या कामाला मी २५० ते ३०० धरून चालते. घटक किती हे ठरवताना ‘आयगेन मूल्य एकच्या वर’ हा सॉफ्टवेअरचा ठरीव नियम वापरू नका, तो घटक जास्त दाखवतो. हॉर्न यांनी १९६५ मध्ये मांडलेलं समांतर विश्लेषण (यादृच्छिक आकड्यांतून निघतात त्याहून मोठे घटकच धरायचे) आता सहज करता येतं. आणि ज्या लोकांवर घटक शोधले त्यांच्यावरच ते ‘सिद्ध’ करू नका, त्यासाठी वेगळा नमुना लागतो. प्रश्न गाळताना निव्वळ एकूण गुणांशी सहसंबंध कमी म्हणून कात्री चालवू नका. ‘रुग्णाने अंगावर हात टाकला’ हा प्रश्न थोड्याच घरांत लागू पडतो, त्याचा सहसंबंध कमीच येणार. पण तो काढलात तर ज्या घरात मारहाण आहे ते घर तुमच्या प्रश्नावलीला दिसणारच नाही. असे प्रश्न बेरजेबाहेर, स्वतंत्र ठेवा.

मग इतर मापनांशी नातं. कँपबेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्ये दाखवलं की जुळायला हवं तिथे जुळणं पुरेसं नाही, जुळू नये तिथे न जुळणंही दाखवावं लागतं. तुमच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण भार आणि नातेवाइकाचं स्वतःचं नैराश्य एकमेकांत सहज मिसळतात. बरोबर पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली द्या. नऊ प्रश्न, एकूण २७ गुण, वापरायला मोफत. विश्लेषणाआधी लिहून ठेवा: ‘झारिटशी सहसंबंध ०.६ च्या वर, पीएचक्यूशी ०.३ ते ०.५, रुग्ण किती दिवस आजारी आहे याच्याशी कमी.’ आकडे तुम्ही तुमच्या तर्काने ठरवा, पण आधी ठरवा. पीएचक्यूशी ०.८५ आला तर तुम्ही मराठीत आणखी एक नैराश्यमापन बनवलं आहे, आणि ते मान्य करावं लागेल.

पीएचक्यूचा नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. त्याला ‘हो’ आलं तर त्याच दिवशी, त्याच जागी कोण त्या व्यक्तीशी बोलेल, हे पहिली प्रश्नावली हातात देण्याआधी ठरलेलं हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कागदावर छापून द्या, पण तेवढ्यावर भागवू नका. संशोधक म्हणून ते उत्तर तुमच्यासमोर आलं आहे.

आता पुनर्चाचणीकडे, म्हणजे तीच प्रश्नावली त्याच लोकांना पुन्हा देण्याकडे येते, कारण तुमच्या ६० जणांचा सर्वांत चांगला उपयोग तिथे आहे. त्यांतल्या जितक्यांना शक्य असेल तितक्यांना साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा तीच प्रश्नावली, तशाच परिस्थितीत, शक्यतो त्याच मुलाखतकाराकडून द्या. ‘मागच्या भेटीनंतर घरात काही बदललं का?’ असं विचारा. रुग्ण मधे भरती झाला असेल तर तो नातेवाईक या हिशेबातून बाजूला काढा, कारण तिथे गुण बदलायलाच हवेत. साधा सहसंबंध नको, आंतरवर्ग सहसंबंध काढा, म्हणजे दोन्ही वेळचे गुण प्रत्यक्षात किती सारखे आले तेही त्यात धरलं जातं. सगळ्यांचे गुण पाच-पाचने वाढले तरी साधा सहसंबंध १ राहू शकतो.

या आकड्याचं पुढे काय करायचं ते बघा. तुमची बेरीज ० ते १५२ आहे. समजा प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) २० आलं आणि आंतरवर्ग सहसंबंध ०.८४. मापनाची प्रमाण त्रुटी म्हणजे २० गुणिले (१ वजा ०.८४) चं वर्गमूळ, म्हणजे ८ गुण. एका व्यक्तीत खरा बदल झाला असं ९५ टक्के खात्रीने म्हणायला साधारण २२ गुणांचा फरक लागेल. समुपदेशनानंतर एखाद्या आईचे गुण १२ ने उतरले तर ते काहीच न होताही घडू शकतं. दोनशे जणांची सरासरी १२ ने उतरली तर ती वेगळी गोष्ट आहे, फक्त तिला तुलनेचा गट हवा. एवढं गणित प्रबंधात मांडलंत तर तुमची प्रश्नावली पुढे वापरणाऱ्या प्रत्येकाला त्याचा उपयोग होईल.

सीमारेषेबद्दल थोडक्यात: आखू नका. नैराश्याच्या प्रश्नावलीला निदान-मुलाखतीशी ताडून पाहता येतं. भाराचं असं निदान नाही. गुणांचे तीन समान भाग करून ‘सौम्य, मध्यम, तीव्र’ अशी नावं देण्याची पद्धत सोडून द्या. निदान असतं तिथेही रेषा ठिकाणावर अवलंबून राहते. ८८ टक्के संवेदनशीलता (आजारी असलेल्यांपैकी इतक्यांना ‘हो’ म्हणणं) आणि ८८ टक्के विशिष्टता (आजारी नसलेल्यांपैकी इतक्यांना ‘नाही’ म्हणणं) असलेली प्रश्नावली निम्मे लोक आजारी असलेल्या क्लिनिकमध्ये ‘हो’ म्हणाली तर शंभरात ८८ वेळा बरोबर असते. तीच प्रश्नावली दहा टक्के आजारी असलेल्या गावात ‘हो’ म्हणाली तर शंभरात ४५ वेळाच.

तुमच्याकडे वेळ किती उरला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुढचा सल्ला त्यावरच अवलंबून आहे. वर्ष असेल तर प्रश्नवार तक्ता, नातेवाइकांच्या मुलाखती, सुधारलेले वीस-बावीस प्रश्न, मग नवा मोठा नमुना, असं जा. चार-पाच महिनेच असतील तर फॅक्टर अ‍ॅनालिसिस प्रबंधातून काढा आणि शीर्षकातला ‘निर्मिती व प्रमाणीकरण’ हा शब्दप्रयोग बदलून ‘आशय-वैधता आणि प्राथमिक चाचणी’ असं करा. गाइडना हे पटवताना सोबत वारंवारिता तक्ते आणि वरचा ०.९२ चा हिशेब घेऊन जा. प्रकरणाच्या शेवटी असं लिहिता येईल: ‘अमुक जिल्ह्यातील ओपीडीत येणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या नातेवाइकांमध्ये या प्रश्नावलीचा आशय समर्पक असल्याचा आणि दोन आठवड्यांत गुण पुरेसे स्थिर राहत असल्याचा प्राथमिक पुरावा मिळाला. एकूण बेरीज एकाच संकल्पनेचं मापन मानावी का, हे अद्याप तपासलेलं नाही.’ तुमचे प्रश्न आणि वारंवारिता तक्ते इथे टाकलेत तर प्रश्नवार बोलता येईल.